काळ्या खिडकीतला बुधवार

वारिजा कुंदर भुताखेतांना भिणारी बाई नव्हती. बर्फाच्या कारखान्यामागून, जिथून दिवसाढवळ्याही बायका एकट्या जात नाहीत, तिथून ती डिझेलच्या पावत्या छातीशी धरून खुशाल जायची. पण सोसायटीच्या नव्या लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडली, की तिला भीती वाटायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. चाळिशीला आलेली बाई, बी.कॉम. झालेली, आणि यंत्राला भिते म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या कोळणींनी तिला जगू दिलं नसतं.

पडुकोडी गावच्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस म्हणजे वाळूच्या कडेला एक खोली, समुद्राच्या बाजूला गज लावलेली खिडकी आणि छपरावर दोन कर्णे. डिझेलचा आणि बर्फाचा हिशेब वारिजा बघायची. पण तिचं खरं काम उजाडताना असायचं. वेधशाळेचं दर्यावर्दी लोकांसाठीचं रोजचं पत्रक यंत्रातून काढायचं आणि माइकवर वाचायचं. ते वाचून होईपर्यंत पडुकोडीची एक होडी पाण्यात शिरत नसे. तीन वर्षांपूर्वी आभाळ आरशासारखं लख्ख असताना पेटीने 'जाऊ नका' सांगितलं होतं, लोक कुरकुरत थांबले होते, आणि दुपारी असा वारा सुटला की वाळूवर ओढलेल्या होड्यासुद्धा उलटल्या. तेव्हापासून पेटी म्हणेल ते खरं. ती पेटी म्हणजे शिशिर सालियानचा जुना कॉम्प्युटर.

शिशिर इथलाच पोरगा, इंजिनियर होऊन बेंगळुरूला गेलेला. जाण्याआधी त्याने त्या कॉम्प्युटरवर एक करामत करून ठेवली होती. पेटी स्वतःच आजची तारीख बघायची, त्या तारखेचं पत्रक इंटरनेटवरून आणायची, त्यातली इंग्रजी बडबड आणि आकडे काढून टाकायची आणि चार सोप्या ओळी समोर ठेवायची. 'आजचा समुद्र' अशी सुरुवात. तारीखही ती काढून टाकायची, कारण माइकवर तारखा ऐकायला कुणाला वेळ असतो? खारी हवा आत जाऊन जाऊन यंदा दिवाळीच्या आधी ती पेटी एकदाची गेली. सोसायटीने लॅपटॉप घेतला. विंडोजवाला, कारण वारिजाला तेच येत होतं.

"अक्का, माझे प्रोग्राम विंडोजवर चालत नाहीत गं," शिशिर फोनवर म्हणाला. "ते लिनक्सचे आहेत. पण काळजी नको. आपण विंडोजच्या पोटात लिनक्स बसवू."

"पोटात म्हणजे?"

"म्हणजे भाडेकरू ठेवायचा. घर विंडोजचं, आतली खोली लिनक्सची. मी सांगतो तसं करत जा."

रविवारची अख्खी दुपार त्यात गेली. कसलं कसलं डाउनलोड झालं, लॅपटॉप दोनदा बंद होऊन चालू झाला, आणि मग ती खिडकी उघडली. काळीकुट्ट, रिकामी, कोपऱ्यात एक काडी लुकलुकत होती.

"माऊस कुठे दाबू?" वारिजाने विचारलं.

"तिथे माऊसचं काम नाही. लिहून सांगायचं. आधी पासवर्ड दे."

"शिशिर, कीबोर्ड बिघडला. काहीच उमटत नाही."

"उमटणार नाही. कुणी मागून बघू नये म्हणून दाखवत नाही ती. टाइप कर आणि एंटर दाब."

आंधळ्यासारखं टाइप करून वारिजाने एंटर दाबलं. मग त्याने सांगितलेली एक ओळ लिहिली. काडी खालच्या ओळीवर गेली आणि पुन्हा लुकलुकायला लागली. बाकी काही नाही.

"काही झालंच नाही रे."

"काही बोलली नाही ना? म्हणजे झालं."

"अरे, आपला बर्फवाला एवढा मुखदुर्बळ, तोसुद्धा गाडी खाली केली की 'झालं' म्हणतो."

"लिनक्सची रीतच तशी आहे, अक्का. काम नीट झालं की गप्प बसतात. चुकलं तरच बोलतात."

"आणि चुकलं तरी गप्प बसली तर?"

शिशिर हसला. "तशी बसत नाही," म्हणाला.

हे वाक्य वारिजाच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने ओळ लिहिली आणि जुन्या पेटीसारख्याच चार ओळी समोर आल्या. तिने त्या वाचल्या. होड्या गेल्या, भरून आल्या. बांगडा लागला होता, लोक खुशीत होते. दोन-तीन दिवसांत तिची भीती जराशी निवली, म्हणजे ती टाइप करताना श्वास रोखून धरायची तेवढंच. शिशिरने एकच बजावलं होतं, लॅपटॉप बंद करू नकोस, चालूच ठेव. ती चालूच ठेवत होती.

बुधवारी संध्याकाळी मोनप्पा मामा खिडकीशी आला. मोनप्पा हा वारिजाच्या आईचा धाकटा भाऊ, घरचा कर्ता. होडी आईच्या नावावर, चालवणार मामा, आणि त्याच्या हाताखाली वारिजाचा पाठचा भाऊ लोलाक्ष. यांच्याकडे घर आईच्या बाजूने चालतं, तेव्हा मामाच्या शब्दावर शब्द नाही.

"पश्चिमेला वीज लवतेय," मामा म्हणाला. "वायरी काढून ठेव. गेल्या साली टीव्ही जळाला तसं नको व्हायला."

पडुकोडीत हे सांगावंही लागत नाही. वीज दिसली की घराघरातून प्लग ओढले जातात. वारिजाने प्लग ओढला. लॅपटॉपला बॅटरी होती, चालूच होता. आता उघडाच कसा टाकायचा म्हणून तिने त्याचं झाकण मिटलं, पुसलं, आणि पत्र्याच्या कपाटात ठेवला. लॅपटॉप बंद नाही केला, नुसता मिटला. विंडोज झाकण मिटलं की झोपतं, उघडलं की जागं होतं आणि सगळं जिथल्या तिथे असतं, हे तिला कॉलेजच्या पोरालाही माहीत असतं तितकं माहीत होतं. शिशिरच्या जुन्या पेटीला झाकणच नव्हतं. झाकणाबद्दल सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नाही आणि विचारायचं हिच्या.

गुरुवारी उजाडताना तिने झाकण उघडलं. काळी खिडकी काल होती तशी समोर. तिने ओळ लिहिली, एंटर दाबलं. चार ओळी आल्या. आजचा समुद्र शांत. वारा मंद. लाटा कमरेइतक्या. मासेमारीला जाण्यास हरकत नाही. कालचेच शब्द होते, पण या दिवसांत समुद्र रोज कूस बदलत नाही. तिला वावगं वाटलं नाही.

मामा गजांशी उभा होता. पाठीमागे लोलाक्ष, खांद्यावर जाळं आणि हातात पेजेचा डबा.

"रात्रीची वीज मला काही आवडली नाही," मामा म्हणाला. "आज जाऊ नये असं वाटतंय. काय म्हणते तुझी पेटी?"

"शांत आहे म्हणते, मामा."

"नक्की?"

"ही बघ ना. मंद वारा."

मामाने आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पेटी म्हणते तर शांत," म्हणाला. "मागे हिचंच ऐकलं म्हणून वाचलो."

लोलाक्ष पुढे वाकून म्हणाला, "अक्का, जोरात ओरड हां. काल तुझा आवाज अप्पीअक्काच्या कोंबड्यांपर्यंतसुद्धा पोचला नाही."

"जा रे, मेल्या," वारिजा म्हणाली आणि माइक चालू केला. कर्ण्यांतून तिचा आवाज वाळूवर पसरला. आजचा समुद्र शांत. होड्या एकेक करून लाटांवर चढल्या. मामाची, तो, लोलाक्ष आणि दोन गडी असलेली, सगळ्यांत पुढे होती, कारण लांबच्या खडकापाशी बांगड्याचा थवा त्यालाच सापडला होता.

ऊन वर आल्यावर अप्पीअक्का टोपली आपटत ऑफिसात शिरली. अप्पीअक्का म्हणजे किनाऱ्यावरची सगळ्यांत तिखट मासळीवाली. पलीकडच्या मोठ्या बंदरातून लिलावाचे मासे आणून विकायची.

"फेरी फुकट गेली," ती म्हणाली. "एक मासा नाही लिलावाला. सगळी बंदरं बंद. लाल बावटा लावून ठेवलाय, पोलीस उभे आहेत. आणि आपले दादले कुठे गेलेत?"

"समुद्रावर," वारिजा म्हणाली.

"आज?"

"आपलं पत्रक शांत म्हणालं. तिथल्या लोकांचं काहीतरी असेल, मंत्री वगैरे यायचा असेल."

"मंत्री येणार म्हणून होड्या ओढून दोरांनी बांधतात होय गं?"

वारिजाने लॅपटॉप पुढे ओढला आणि पुन्हा ओळ लिहिली. पुन्हा त्याच चार ओळी. शांत, मंद, हरकत नाही. एक क्षणभर तिला बरं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं, की शिशिर म्हणाला होता, नीट चाललं तर गप्प, चुकलं तर बोलते. ही तर काहीच तक्रार करत नव्हती. पण चुकूनही गप्प बसली असेल तर? तिने शिशिरला फोन लावला. तो कुठल्याशा मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला.

"अक्का, नंतर करू?"

"नंतर नको. सगळीकडे लाल बावटा आहे आणि ही शांत म्हणतेय."

"असं कसं होईल? बरं, एक काम कर. त्या खिडकीत डेट असं लिही. फक्त तेवढंच. काय येतं सांग."

वारिजाने लिहिलं. एक ओळ आली. ती तिने वाचली, पुन्हा वाचली. बाहेर टळटळीत ऊन होतं, कावळे माशांच्या पाट्यांवर भांडत होते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवारला तिने स्वतः सकाळी टिंब काढलं होतं. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या विंडोजच्या घड्याळातही गुरुवारच होता. आणि त्याच पडद्यावर, त्या घड्याळापासून वीतभर अंतरावर, काळ्या खिडकीत बुधवार होता. बुधवारची रात्र. तिथे अजून उजाडलंच नव्हतं.

"बुधवार म्हणतेय," ती म्हणाली.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा, दार उघडल्याचा आवाज आला आणि शिशिर मोठ्याने बोलला. "अक्का, तू काल झाकण मिटलं होतंस?"

"वीज लवत होती रे. बंद नाही केला मी. नुसता मिटला."

"विंडोज उठलं की आपलं घड्याळ नीट लावून घेतं. आतलं लिनक्स तसं करत नाही नेहमी. ते जिथे झोपलं तिथून पुढे मोजायला लागतं. त्याच्या हिशेबाने अजून काल आहे. त्याने कालचं पत्रक आणलं, अक्का. त्याला वाटलं तेच आजचं."

शिशिर सांगत होता ती अक्षरं वारिजा कशीबशी टाइप करत गेली. खिडकी पुरी बंद केली, आतलं सगळं विझवलं, पुन्हा उघडलं. डेट लिहिलं. गुरुवार आला. मग नेहमीची ओळ लिहिली, आणि चार ओळी आल्या.

आजचा समुद्र खवळणार. दुपारपासून वादळी वारा. लाटा छपराएवढ्या. कुणीही जाऊ नये, गेलेल्यांनी ताबडतोब परत यावं.

हे पत्रक आदल्या रात्रीच आलेलं होतं. वारिजा झोपायच्या आधी आलेलं होतं.

"अक्का, ऐक," शिशिर म्हणाला. "माइकवर सांग की नवीन सूचना आली आहे. हवामान अचानक बदललं म्हण. ते बदलतंच. सकाळचं कुणी विचारणार नाही."

वारिजाने फोन ठेवला. आता खरं सांगायचं तर तिच्या मनात हे शिशिरच्या आधीच आलं होतं. नवीन सूचना म्हणायचं, संपलं. ती माइकपर्यंत गेली. खिडकीतून दिसत होतं, नारळीखाली आज न गेलेले चार-सहा जण पत्ते खेळत होते. त्यांच्यात शीनण्णा मेंडन होता, गावचा गुरिकार, म्हणजे पडुकोडीच्या सगळ्या मोगवीर कोळ्यांचा मुखिया. फायबरची दोन मोठ्या इंजिनांची होडी त्याची. ती वाळूवरच होती.

नवीन सूचना म्हटली तर हे काय करतील, ते तिला पक्कं ठाऊक होतं. शीनण्णा वर बघेल आणि म्हणेल, आत्ताच बदललंय ना, मग वेळ आहे, त्यांना आभाळ दिसेलच, येतील. आणि पत्ते वाटेल. जवळच्या होड्या फोनवर मिळतील. पण लांबच्या खडकापाशी फोन लागत नाही. मामा आणि लोलाक्ष तिथे होते, पेटी म्हणाली म्हणून निर्धास्त.

तिने माइक चालू केला नाही. ती अनवाणी पळत वाळूवर गेली आणि पत्त्यांच्या मधोमध उभी राहिली.

"शीनण्णा, मी सकाळी कालचं पत्रक वाचलं," ती म्हणाली. "आजचं वाचलंच नाही. आजचं वादळाचं आहे. रात्रीच आलं होतं. दुपारी फुटणार."

"काय बडबडतेस?"

"यंत्र कालमध्ये अडकलं होतं. माझ्या हातून झालं. मामा खडकाकडे गेलाय. तिथे कुणी पोचलं नाही तर त्यांना कळणार नाही."

शीनण्णाने पत्ते खाली ठेवले. तो उठला. "डिझेल भरा," म्हणाला. "दोर घ्या, सगळे दोर. आणि तू आत जा, फोन लागतील तेवढे लाव."

शीनण्णा आणि तिघांना घेऊन फायबरची होडी गेली. वारिजा फोनला चिकटली. ज्यांचे लागले ते शिव्या घालत परत फिरले. आकाश पश्चिमेकडून मातकट होत होतं. एकेक होडी परत आली की वाळूवर उभी बाईमाणसं मोजायची आणि पुन्हा पाण्याकडे बघायची. दुपारचं जेवण कुणाच्या घरी झालं नाही. मग वारा आला. आधी कर्ण्यांत घुमला, मग ऑफिसचे पत्रे वाजायला लागले, मग बोललेलं ऐकू येईनासं झालं. सगळ्या होड्या आल्या होत्या. फक्त दोन नव्हत्या, मामाची आणि त्याला आणायला गेलेली.

म्हणजे आता चार माणसांसाठी आणखी चार माणसं गेली होती. वारिजाच्या डोक्यात हे एवढंच घुमत होतं. आपण खरं सांगितलं म्हणून शीनण्णा गेला. नसतं सांगितलं तर निदान तो तरी नारळीखाली असता.

तिची आई बोब्बर्याच्या देवळाच्या पायरीवर बसली होती. बोब्बर्य हा समुद्राचा देव, पडुकोडीची प्रत्येक होडी आधी त्याच्यासमोर नारळ ठेवते. आईचा एक भाऊ आणि एकुलता मुलगा समुद्रावर होते. वारिजा तिच्याजवळ जाऊन बसली. आईने तिच्याकडे बघितलं नाही.

"कर्ण्यावर तूच होतीस ना गं सकाळी?" आई म्हणाली.

"हो."

"मी भाकरी थापत होते. म्हटलं, बरं झालं, शांत आहे."

वारिजाला रडायला आलं नाही. तिने मनातल्या मनात बोब्बर्याला सगळं देऊ केलं, नारळ, कोंबडा, देव नाचवायचा रात्रभराचा कोला, हातातल्या बांगड्या, नोकरी. मग तिला वाटलं, तोही त्या काळ्या खिडकीसारखा गप्प आहे, आणि याच्या गप्प बसण्याचा अर्थ कुणी सांगितलेला नाही.

अंधार पडायला आला तेव्हा अप्पीअक्का ओरडली. लाटांत काहीतरी होतं, दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. फायबरची होडी होती. एकटीच. मागे दोराला दुसरी होडी नव्हती. पुरुष कमरेपर्यंत पाण्यात शिरले आणि तिला ओढून घेतलं. वारिजा माणसं मोजत होती आणि प्रत्येक वेळी मोजणी चुकत होती, कारण डोळ्यांत खारं पाणी उडत होतं. शीनण्णा उतरला. त्याची माणसं उतरली. मामाचे दोन गडी उतरले. मग मामा, आणि मामाच्या खांद्यावर रेललेला लोलाक्ष, उजवा हात गमछ्यात बांधलेला, चेहरा चुन्यासारखा.

"दोन होड्यांच्या मध्ये हात सापडला," शीनण्णा म्हणाला. "उडी मारताना. होडी सोडून द्यावी लागली. दोर कापला नसता तर आम्हीपण गेलो असतो."

आई उठून लोलाक्षकडे गेली. मामा वारिजासमोर आला आणि थांबला. त्याच्या भिवयांवर मीठ साचलं होतं. तिला वाटलं आता तो मारणार, मारलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

"जाळंसुद्धा गेलं," तो म्हणाला आणि घराकडे चालू लागला.

शुक्रवारी समुद्र बंदच होता. वारिजा घरातून बाहेर पडली नाही. लोलाक्षच्या हाताला इस्पितळात प्लास्टर घातलं, दोन बोटं वाचतील की नाही सांगता येत नाही म्हणाले. शिशिरचा फोन आला. तो रडला, मग म्हणाला, आता मी इथूनच सगळं करतो, वेळेवर आपोआप कर्ण्यावर वाजेल, कुणाला काही हात लावायलाच नको. वारिजा म्हणाली, फार चांगलं. तिने ऑफिसच्या किल्ल्या शीनण्णाच्या बायकोकडे पाठवून दिल्या.

संध्याकाळी मामा त्या किल्ल्या घेऊन आला. पायरीवर बसला. पेज मागितली, प्यायला.

"उद्या सकाळी ये," म्हणाला.

"शिशिर करणार आहे, मामा. तिकडूनच. आपोआप."

"तिकडून त्याला वीज दिसते का?"

"नाही."

"मग? मला दिसली होती. मी तुला विचारलं, तू पेटीला विचारलंस. पण पेटीला उलटून कुणीच काही विचारलं नाही."

"मला भीती वाटते, मामा. हात लावायचीपण भीती वाटते."

"वाटू दे," मामा म्हणाला. "माझी भीती गेली होती, म्हणून मी गेलो." आणि किल्ल्या पायरीवर ठेवून निघून गेला.

शनिवारी उजाडताना ती गेली. आभाळ निवळलं होतं. वाळूवर सगळे उभे होते, होड्या पाण्याच्या तोंडाशी, पण नेहमीसारखी थट्टामस्करी नव्हती. ती आत जाताना कुणी तिच्याकडे पाहिलं, कुणी पाहिलं नाही. गुरुवारी वारा सुटल्यावर कुणीतरी मिटून ठेवलेला लॅपटॉप कपाटात तसाच होता. तिने झाकण उघडलं. काळी खिडकी आली, काडी लुकलुकायला लागली, आणि तिची बोटं कीबोर्डवर नुसती टेकून राहिली. काही केल्या दाबली जाईनात.

खिडकीच्या गजांवर कुणीतरी टकटक केलं. मामा होता.

"वारिजा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "तुझ्या पेटीत आज कुठला वार आहे?"

तिने डेट लिहिलं. एंटर दाबलं. आलेली ओळ दोनदा वाचली.

"गुरुवार," ती म्हणाली.

वाळूवर कुणी हललं नाही. मामा गज धरून थांबला. वारिजाने खिडकी बंद केली, आतलं सगळं विझवलं, शिशिरने सांगितलं होतं तसं, आणि पुन्हा उघडलं. पुन्हा डेट लिहिलं. मग तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, कोपऱ्यातलं विंडोजचं घड्याळ पाहिलं, आणि माइक चालू करून म्हणाली, "शनिवार."

मामा मागे वळला. "शनिवार का रे?" त्याने वाळूवर विचारलं.

"शनिवार," शीनण्णा म्हणाला. मागून आणखी कुणी म्हणालं, मग सगळेच. घराच्या ओट्यावरून, प्लास्टर घातलेला हात गळ्यात बांधून बसलेला लोलाक्षही म्हणाला.

मग तिने पुढची ओळ लिहिली आणि आलेल्या चार ओळी वाचल्या. आवाज कापत होता, पण कोंबड्यांपर्यंत पोचला. होड्या एकेक करून लाटांवर चढल्या. शेवटची होडी दिसेनाशी होईपर्यंत मामा गज धरून तिथेच उभा होता. त्याला जायला होडी नव्हती.